पिवळे बारा

मी नऊ मेलेले उंदीर जिवंत केलेले आहेत. डोंबिवलीच्या एमआयडीसीत, चौऱ्याऐंशी साली, गणपतीच्या आगेमागे. कोणी विश्वास ठेवणार नाही हे मला ठाऊक आहे. ठेवूही नका. पण त्या नऊ उंदरांच्या भरवशावर एक शिकलेली बाई नऊ वर्षं जगली आणि माझी बायको मेली, तेवढं मात्र खोटं म्हणू नका.

उत्तमराव, हसा. तुम्ही हसला नाहीत तर मला सांगायला चव येत नाही. या वर्तकनगरच्या बाकावर मी तुम्हाला कळव्यापासून मुंब्र्यापर्यंत होडी ओढत नेणारा जिताडा मासा सांगितला, एकाच सुक्या बोंबलावर अख्खा श्रावण काढणारी माझी आजी सांगितली, तेव्हा हसलात आणि वर चहा पाजलात. आजची पण तशीच ऐका. मारुती, तू जरा सरक, माझ्या लेकीला, मालूला सूप मांडून बसायचंय. सोडे निवडेल ती. तिच्याकडे लक्ष देऊ नका, तिचंही आपल्याकडे नसतं. ही गोष्ट तिने दोन तऱ्हांनी ऐकलीय. लहानपणी ऐकली ती बारा उंदीर बरे झाल्याची. त्यातल्या नवांचं तिला कळलं ते आई गेल्यावर.

तर मी चेंदणी कोळीवाड्यातला. भिवाजीचा मोरू. खाडीत माशापेक्षा फेस जास्त यायला लागला तसं मी जाळं भावाच्या गळ्यात घातलं आणि नोकरी धरली. संस्थेचं नाव घेत नाही, कुठल्याशा ट्रस्टची होती, आता बंद आहे. दोन कारखान्यांच्या मधे बैठी इमारत, मागे नाला. कारखान्यात ज्या दिवशी जो रंग शिजेल त्या रंगाचं पाणी नाल्याला. सोमवारी लाल, गुरुवारी निळं. इमारतीच्या टोकाला उंदीरखाना, आणि त्याचा राजा मी. पिंजऱ्यातला भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, खाणं घालायचं, सकाळी मोजायचे. जो मेला असेल त्याच्या पायाला चिठ्ठी बांधून बरणीत घालायचा, म्हणजे बाई त्याला चिरून आत काय झालं ते बघणार.

बाई म्हणजे डॉक्टर शालिनी टिपणीस. राहायला डोंबिवलीतच, पूर्वेला. सुई टोचणाऱ्या डॉक्टर नव्हेत, अभ्यासाच्या डॉक्टर. कॅन्सरची गाठ शरीराने आपणच खाऊन टाकावी, बाहेरून विष घालायची पाळी येऊ नये, या एकाच गोष्टीच्या मागे त्या लागलेल्या. त्या काळी असं बोललं की मोठमोठे डॉक्टर चहाच्या कपात हसायचे. बाईंनी मला, सातवी झालेल्या कोळ्याला, पहिल्याच आठवड्यात ते समजावलं. म्हणाल्या, मोरूभाऊ, तुमच्या कोळीवाड्यात कुत्री आहेत ना? म्हटलं, माणसांपेक्षा जास्त. परका आला की भुंकतात ना? भुंकतात. आणि घरातलाच मुलगा चोर निघाला तर? म्हटलं, त्याच्यापुढे शेपूट हलवतात. म्हणाल्या, गाठ म्हणजे तो घरातला चोर. आपण त्याच्या सदऱ्याला परक्याचा वास लावायचा. मग कुत्रं त्याला चावेल, आणि एकदा चावलं की जन्मभर विसरणार नाही.

परक्याचा वास म्हणजे क्षयाची लस, तान्ह्या पोरांच्या दंडावर टोचतात ती. गाठीच्या पेशी मारून त्यात कालवायच्या आणि उंदराला टोचायच्या. चोवीस पांढरे उंदीर घेतले. सगळ्यांच्या कुशीत गाठ पेरली. आठवड्याने ती मुगाएवढी हाताला लागायला लागली तेव्हा बारांना लस दिली आणि बारांना नुसतं मिठाचं पाणी. ओळखू यावेत म्हणून लसवाल्यांना पिवळा रंग, पाणीवाल्यांना जांभळा. डोक्यावर ठिपका म्हणजे एक नंबर, मानेवर दोन, शेपटीच्या मुळाशी तीन, असे बारा नंबर. ठिपके लावायचे मी. तो पिवळा रंग मोठा चिवट, पिक्रिक ॲसिडचा, आठ दिवस हातावरून जायचा नाही. मी घरी आलो की चंद्रभागा, म्हणजे माझी बायको, मालूची आई, शेजारणींना ओरडून सांगायची, या गो बघायला, माझ्या नवऱ्याला रोज हळद लागतंय.

सोमवारी बाई चिमट्यासारख्या मापाने गाठी मोजायच्या. बाकीच्या दिवशी आल्या आल्या दारातूनच विचारायच्या, आपली पिवळी कशी आहेत? जांभळ्यांबद्दल कधी विचारायच्या नाहीत. ते मरणारच होते, ते त्यांनीच सांगितलेलं.

आणि बाईंना दिवस होते.

त्याआधी दोनदा राहून दोनदा गेलेले. तेहतीस वर्षांच्या होत्या तेव्हा. मला कसं कळलं म्हणाल, तर निवट्यांमुळे. टिपणीस म्हणजे मासे खाणारी माणसं, बाईंना डोहाळे लागले ते निवट्यांचे, खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या त्या बोटभर माशांचे. त्या डोंबिवलीत कुठे मिळायला? चंद्रभागा ठाण्याच्या बाजारात बसायची. तिला मी सांगितलं, तर दुसऱ्या दिवसापासून कालवणाचा डबा माझ्या पिशवीत. सातवा लागला तशी ती स्वतः डोंबिवलीला गेली, बाईंची ओटी भरून आली. जेवताना मला म्हणाली, तुझे उंदीर मरतात ना? म्हटलं, मरतात, त्यासाठीच तर पाळतो. मग तिने भाकरी खाली ठेवली.

“तिच्या कानावर मरण पडू द्यायचं नाय. उंदराचं पण नाय. दोन गेलीत तिची. माझ्या गळ्याची आण हाय तुला.”

आता हे तुम्हाला येडेपणा वाटेल, पण आमच्यात ते पक्कं आहे. गरवार बाईला मरण कळवायचं नाही, मग कोणी का मरेना. माझी आत्या जनाबाई आठव्या महिन्यात होती तेव्हा तिचा बाप, म्हणजे माझा आजा, होडीवरून गेला. तिच्या घरच्यांनी मढं दुसऱ्या गल्लीने नेलं. वर अडीच-तीन महिने रोज कोणीतरी तिच्या दारात जाऊन म्हाताऱ्याचा निरोप सांगायचं. बाबा म्हणतो पोरीला बांगडा खायला घाला. बाबा म्हणतो खोकला आहे, बरा झाला की येतो. मी सहा वर्षांचा होतो, दोन निरोप मी पोचवलेत. बाळंत होऊन सव्वा महिना झाला, आंघोळ झाली, मग घरातल्या मोठ्या माणसाने तिला समोर बसवलं आणि सांगितलं. तेही पक्कं आहे. लपवायचं ते सव्वा महिन्यापर्यंत, आणि ज्याने लपवलं त्यानेच सांगायचं. लपवणं सगळ्यांच्या ध्यानात राहतं. सांगणं कोणाच्या राहत नाही.

गणपतीच्या आदल्या सोमवारी मी साडेसातला उंदीरखाना उघडला, तर पिवळा चार नंबर पाय वर करून पडलेला. गाठ सुपारीएवढी. बाई नऊला येणार, गाठी मोजणार. मी त्याच्या पायाला चिठ्ठी बांधायला दोरा घेतला, आणि दोरा हातातच राहिला. पैदाशीच्या खोलीत त्याच वयाचे शेकड्याने उंदीर होते, सगळे पांढरे, सगळे एकासारखे एक. त्यातला एक आणला. चार नंबरच्या जागी ठिपका लावला, फुंकर घालून वाळवला. मेलेला कागदात गुंडाळून नाल्यात टाकला. नाला त्या दिवशी लाल होता.

बाईंनी चार नंबर हातात घेतला. कुशीवर बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग दुसऱ्या हाताने फिरवलं. म्हणाल्या, मोरूभाऊ, गाठ नाही. मी म्हटलं, नसेल. त्या स्टुलावर बसल्या आणि पोटावर हात ठेवला. चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं, बरं केलं आपण. उत्तमराव, मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोललो, पण कोणाच्या तोंडावर इतकं सुख आणलेलं मला दुसरं आठवत नाही.

ऑक्टोबर संपेपर्यंत मी नऊ बदलले. जांभळे नेमाने मेले, त्यांचं मरण बाईंनी आधीच धरलेलं, म्हणून ते सगळे बरणीत गेले, बाईंनी एकेक चिरला. पिवळ्यांतला एकही बरणीत गेला नाही. बाराच्या बारा पळत होते. पुढे बाई रजेवर गेल्या आणि त्यांना मुलगी झाली. धडधाकट, साडेसहा पौंडांची. चंद्रभागा म्हणाली, बघ.

आता सव्वा महिन्याचं. मी विसरलो नव्हतो. दिवस मोजत होतो. ज्या दिवशी सांगायचं त्या दिवशी मी आंघोळ करून, नवा सदरा घालून डोंबिवलीला बाईंच्या घरी गेलो. दारात चपलाच चपला. संस्थेचे मोठे साहेब आलेले, त्यांच्या हातात बाईंनी लिहिलेला तक्ता. बाराला बारा. साहेबांनी पेढ्यांचे दोन डबे आणलेले, एक मुलीचा, एक उंदरांचा. बाईंनी मुलगी माझ्या हातात दिली आणि साहेबांना म्हणाल्या, ज्या हातांनी बारा जगवले त्या हातात हिला आधी दिली पाहिजे. हात पिवळेच होते. मी मुलगी धरली, पेढा खाल्ला आणि परत आलो.

एवढंच झालं. यापेक्षा मोठं काही झालं नाही. सांगायचा दिवस टळला, आणि टळलेला दिवस परत येत नाही.

फेब्रुवारीत बाईंनी त्या बारांच्या कुशीत पुन्हा गाठ पेरली. कुत्र्याने एकदा चावलंय, आता ते चोराला उंबऱ्यावरच धरेल, असा हिशेब. नऊ जणांना गाठ आली आणि ते मेले. तिघांना काही झालं नाही. बाई या वेळी सगळं सोसायला तयार होत्या, मरण लपवायचं कारण उरलं नव्हतं. त्यांनी नवांना ओळीने मांडलं आणि म्हणाल्या, मोरूभाऊ, हे नऊ विसरले. असं कसं विसरले?

विसरायला त्यांना आधी कळायला तर पाहिजे होतं. ज्यांना लस टोचलीच नव्हती ते काय आठवणार? पण हे सांगायचं म्हणजे मागचं सगळं सांगायचं. मी म्हटलं, उंदरांची जात, बाई.

त्या दिवसापासून बाईंच्या अभ्यासाची गाडी त्या एकाच रुळावर गेली. शरीर एकदा शिकलेलं विसरतं का? त्यावर त्यांनी मोठा लेख लिहिला. परदेशात छापून आला, एका थंड देशात त्यांना बोलायला बोलावलं. तिथून येताना माझ्यासाठी लोकरीची टोपी आणली, जी ठाण्यात घातली तर माणूस शिजेल. आणि लेखाचं शेवटचं पान आणलं. त्यात खाली, बारीक अक्षरात, इंग्रजीत माझं नाव. जनावरांची काळजी घेतली म्हणून मोरू भिवाजी कोळी यांचे आभार. ते मी काचेच्या फ्रेममध्ये घालून भिंतीला लावलं. चंद्रभागेला वाचता येत नव्हतं, पण ती येणाऱ्याजाणाऱ्याला त्यावर बोट ठेवून सांगायची, ह्ये बघ, इथे आमचा हाय. बाजारात मासा तोलता तोलता सांगायची. गाठ आलेली बाई दिसली की मुद्दाम बसवून सांगायची. ती जे सांगायची ते मीच तिला सांगितलेलं, आणि मी सांगतो तेव्हा कमी सांगत नाही. माझ्या तोंडी त्या गाठी बर्फासारख्या विरघळायच्या.

बाईंनी तोच प्रयोग पुन्हा केला. बारातून दोन जगले. पुन्हा केला, तीन जगले. पुन्हा, दोन. परदेशातल्या लोकांनी करून पाहिला, त्यांचंही तसंच. त्यांची पत्रं आधी गोड यायची, मग नुसती यायची, मग यायची थांबली. बाईंना वाटायचं पहिल्या वेळचं खरं आणि नंतरचं चुकतंय. लस बदलली. खाणं बदललं. कारखान्यांचा वास आत येतो म्हणून खिडक्या बंद करून घेतल्या, उन्हाळ्यात आम्ही आत उकडून निघायचो. पहिला प्रयोग ऑगस्टात झाला म्हणून सगळं अडवून ऑगस्टाची वाट बघितली. एकदा मला म्हणाल्या, मोरूभाऊ, आठवून सांगा, तेव्हा मी काय वेगळं करत होते? मी म्हटलं, निवट्या खात होतात, बाई. त्या हसल्या. मग मी पाठमोरा झालो तशी त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. ते मी खिडकीच्या काचेत बघितलं.

हळूहळू माणसं कमी झाली. साहेब बदलले. नव्या साहेबांनी अर्धी खोली काढून घेतली. शेवटी उंदीरखान्यात बाई आणि मी. त्यांच्या कानाशी केस पिकले. मुलगी शाळेत जायला लागलेली, तिला वर्गात कोणी विचारलं आई काय करते तर सांगायची, आई विसरण्याचा अभ्यास करते.

ब्याण्णव सालच्या चैत्रात चंद्रभागेच्या छातीत गाठ आली. आधी तिने मलाही दाखवली नाही. मालूनेच पकडलं, आंघोळीच्या वेळी. तेव्हा मालू सोळा वर्षांची. परळच्या मोठ्या इस्पितळात नेलं, तिथल्या डॉक्टरने सांगितलं, अजून काखेत उतरलेली नाही, या महिन्यात ऑपरेशन करून घेतलंत तर बाई जगेल. सरळ बोलणारा माणूस होता. चंद्रभागेने पदर सावरला आणि त्याला सांगितलं, मी कापून घेणार नाय. आमच्या टिपणीसबाईंकडे इंजेक्शन हाय.

मी बाईंना घरी आणलं. बाईंनी तिचे दोन्ही हात धरून समजावलं. ते औषध माणसासाठी नाही, उंदरांचंही आता जमत नाही, माझं चुकत असेल, तुम्ही आधी ऑपरेशन करून घ्या. चंद्रभागा सगळं ऐकून घेत होती आणि भिंतीवरच्या फ्रेमकडे बघत होती. बाई गेल्यावर म्हणाली, शिकलेली माणसं अशीच बोलतात, हातात दिल्याशिवाय कबूल करत नाय. सरकारची परवानगी मिळाली की ती मनाच पहिली देईल. बारा वाचवले तिने. मी तेरावी.

असे आठ महिने गेले. दर महिन्याला इस्पितळातून कार्ड यायचं, ती उशीखाली ठेवायची. गाठ काखेत उतरली, मग पाठीत. दंड सुजून मांडीएवढा झाला. शेवटी शेवटी मासळीचा वास सहन होईना तिला. कोळणीला, उत्तमराव. खाडीकडची खिडकी लावून घ्यायला सांगायची. त्र्याण्णवच्या पौषात गेली.

तिचं दिवसकार्य झाल्यावर मी बाईंना सांगायला गेलो. या वेळी सदरा बदलला नाही. त्या उंदीरखान्यात एकट्याच होत्या, पिंजरे धुऊन उपडे घातलेले. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. चार नंबरपासून नाल्यापर्यंत, आत्येच्या बाळंतपणासकट. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“किती बदललेत?” एवढंच विचारलं.

नऊ, म्हटलं.

“म्हणजे तीन खरे होते.”

त्या बराच वेळ तीन, तीन असं म्हणत होत्या, हळू, मुलाला निजवताना म्हणतात तसं. मग कळलं मला. बारातून तीन. पुढच्या प्रत्येक वेळी जे येत होतं तेच पहिल्या वेळीही आलं होतं. कुत्रं तिघांना चावत होतं, नवांना चावत नव्हतं. विसरत कोणीच नव्हतं. मी हात घातला नसता तर बाईंच्या हाती एक लहानसं खरं आलं असतं, आणि ते तीन का वाचले यावर नऊ वर्षं मिळाली असती. त्यांनी मला विचारलं, ते तीन कुठले नंबर होते? मला आठवेना. अजून आठवत नाही. चार नव्हता, एवढंच.

बाईंनी त्या परदेशी मासिकाला पत्र लिहिलं, की माझा लेख खोटा धरावा. कारण लिहिलं, जनावरांच्या नोंदीत चूक झाली. माझं नाव लिहिलं नाही. मी म्हटलं, लिहा. म्हणाल्या, आभारात एकदा आलंय, पुरे. पत्र छापून आलं, चार ओळींचं. त्यानंतर त्यांनी बारा उंदीर आणून तोच प्रयोग परत एकदा केला, या वेळी भुसासुद्धा स्वतः बदलला. तीन जगले. तेही लिहून पाठवलं, ते कोणी छापलं नाही. आता त्या कल्याणच्या एका कॉलेजात पोरांना बेडूक चिरायला शिकवतात. माझ्याशी बोलतात. दिवाळीला मुलीला पाठवतात माझ्याकडे. तिला बघितलं की माझे हात मला पिवळे दिसतात.

झाली गोष्ट. उत्तमराव, चहा सांगा.

काय म्हणालात?

बायकोला सांगितलं का.

असं कसं विचारता तुम्ही? सांगितलं. सांगणार नाही तर काय. ऑपरेशनची वेळ होती तेव्हाच, ज्येष्ठात, गाठ अजून काखेत उतरली नव्हती. माणूस जिवाला मुकत असेल आणि नवरा गप्प बसेल? मालू तेव्हा घरी नव्हती, शहाडला मावशीकडे गेलेली चार दिवस, म्हणून तिला ठाऊक नाही. मी चंद्रभागेला बंदरावर घेऊन गेलो. ओहोटी लागलेली. चिखलात निवट्या उड्या मारत होत्या, हातहात उंच. एक बगळा होता, मान वाकडी करून ऐकत होता आमचं. मी तिला म्हटलं, चंद्रे, ते नऊ उंदीर माझे आहेत, बाईंचे नाहीत. तुझ्याच गळ्याची आण होती म्हणून बदलले. गाठ विरघळली नाही कोणाची, नाल्यात गेली. उद्या इस्पितळात चल. तर ती हसली. इतकी हसली की बगळा उडाला. म्हणाली, येड्या, मना ठावंच होतं. तुझी एक गोष्ट खरी असती तर तुझ्याशी लगीन केलं असतं का मी? पण तीन तर खरे हायेत ना? मी त्या तिनातली. माझी मी थांबते, तुझ्यावर काय बोल नाय. असं म्हणाली. स्वतःच्या तोंडाने म्हणाली, उत्तमराव, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून चिखलातून—

“बाबा.”

काय गं मालू? झाले निवडून?

“मी शहाडला कधी गेलेली?”

गेलेलीस. ज्येष्ठात. मावशीकडे.

“मावशी त्याच्या आदल्या वर्षी गेली. आईला गाठ लागल्यापासून मी एक दिवस घराबाहेर राहिले नाही. तिची वेणी मी घालायची, तिचा दंड मी शेकायची. आणि ते तीन खरे हे तिला तिथल्या तिथे कसं सुचेल? तुला स्वतःला ते ती गेल्यावर सुचलं, बाईंनी म्हटल्यावर. आत्ता सांगितलंस.”

मालू, चहा येतोय.

“शेवटच्या आठवड्यात ती मला रोज विचारायची, पिवळे बारा हायेत ना गो अजून? मी तुझ्याकडे बघायचे. तू दारात उभा असायचास, मान हलवायचास. मग मी तिला सांगायचे, आहेत आई, बाराच्या बारा आहेत. तेवढ्यावर तिला झोप लागायची. मी सांगायचे, बाबा, माझ्या तोंडून. मला नवांचं कुठे ठाऊक होतं तेव्हा. तू खोटं बोलतोयस. आईला तू कधीच सांगितलं नाहीस.”